रजिताच्या डोळ्यांतलं पाणी

तेलंगणातल्या जनगावच्या बसस्टँडमागच्या एका कंपनीत रजिता बारावी झाल्यापासून बसत होती. पडद्यावर रस्त्यांचे फोटो यायचे. त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती, म्हशीभोवती माउसनं रेघ ओढायची. कुठल्या तरी देशातल्या बिनड्रायव्हरच्या गाडीला माणूस ओळखता यावा म्हणून. हात थांबला की कोपऱ्यात लाल ठिपका लागायचा आणि सुपरवायझर मागे येऊन उभा राहायचा. त्या धाकानं पोरी पापणी लववायला विसरल्या. गाडीला माणूस दिसावा म्हणून माणसांचे डोळे जाळायचे, असला हा धंदा. तक्रार केली की ऐकवायचे, "एसीत बसून पगार घेता, अजून काय पालखीत बसवू?"

आधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. मग जरा वारा लागला की धो धो पाणी. सरकारी दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत तुझे."

रजिताला हसू आलं. "कोरडे कुठले मॅडम, वाहतायत की."

"कोरडे पडलेत म्हणूनच वाहतात. ते पाणी टिकत नाही. थेंब घाल, आणि मधूनमधून नजर काढत जा पडद्यावरून."

नजर काढायची मुभा नव्हती. थेंब तेवढे मिळाले. औषधाच्या दुकानात नरेंदर होता. बाटली देता देता बोलणं वाढलं आणि दोघांचं जमलं. पळून जाणाऱ्यांतली ती दोघं नव्हती. नरेंदरनं मामाला हाताशी धरून रीतसर स्थळ आणवलं, जणू दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी रजिताच्या आईनं, एल्लव्वानं, थेंबांची बाटली तांदळाच्या डब्यात खुपसली.

"डोळ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दोषाची पोर म्हणून गावभर होईल."

"अम्मा, थोडं घालू दे तरी."

"एक तास कळ काढ. जन्माचं होतंय."

मे महिना होता. पाहुण्यांसाठी शेजारचा उभा पंखा आणला होता. तो मान फिरवत रजिताकडे आला की वारा थेट तिच्या तोंडावर. सकिनालूची, तांदळाच्या पिठाच्या कडबोळ्यांची, ताटं फिरली आणि हिच्या गालावरून धारा लागल्या.

मामा म्हणाला, "पोरी सासरी निघताना रडतात. हिनं आजच उरकून घेतलं."

सगळे हसले. नरेंदरची आई भूलक्ष्मी हसली नाही.

"बिड्डा, बाळा, रडतेस का गं?"

"नाही अम्मा." पंखा परत वळला. पदर भिजला.

"मलाही असंच रडत बसवलं होतं," भूलक्ष्मी हळूच म्हणाली. "कुणी विचारलं नव्हतं. मी विचारते. मनात दुसरं कुणी आहे का?"

रजितानं नरेंदरकडे पाहिलं. ह्यानं एक वाक्य बोलावं. अम्मा, हिच्या डोळ्यांचं औषध मीच देतो, एवढंच. पण मग तुला कसं माहीत, हा प्रश्न आला असता. नरेंदरनं हातातलं सकिनालू मोडलं आणि तुकडे ताटात मांडत बसला.

नाही म्हणावं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं, आणि एल्लव्वाची नजर तिच्यावरच होती. रजिता गप्प राहिली. ते गप्प राहणंच उत्तर धरलं गेलं. भूलक्ष्मी उठली, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "असू दे. लेकरू रडवून मला सून नको." बाई मनाची चांगली होती. त्या चांगुलपणानंच घात केला.

दुसऱ्या दिवशी रजिता दुकानात गेली. नरेंदरनं मान खाली घालून बाटली पुढं सरकवली.

"अम्माला काय सांगणार होतो मी? ती विचारत बसली असती, तुला कसं माहीत."

"मग सांगायचं होतंस, कसं माहीत ते."

"जरा थांब. मी बघतो काहीतरी."

"बघतच होतास की काल."

बाटली तिथंच ठेवून ती निघाली.

घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. डोळे निखाऱ्यासारखे जळत होते. पाण्याचा टिपूस नाही.

"एकदाचं रडून घे गं," एल्लव्वा म्हणाली.

"येत नाहीये, अम्मा."

एल्लव्वा उठली, तांदळात हात घालून बाटली काढली, पदराला पुसली. लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. सवय नव्हती, थेंब जास्तच पडले. औषध डोळ्यातून ओसंडून गालावरून कानाकडे ओघळलं. ती पुसायला गेली तसा रजितानं तिचा हात धरला.

"राहू दे."