नावेची मागची फळी

मोताळ्याकडच्या त्या गावात एखाद्याच्या बैलगाडीचं चाक कुरकुरलं नाही, तर ते चाक शालिग्राम सुताराचं हे वेगळं सांगावं लागत नसे. तरी लोकांनी ते सांगावं आणि आपण ते ऐकावं, म्हणून शालिग्राम बाजाराच्या दिवशी मुद्दाम रस्त्याकडेच्या निंबाखाली काम काढून बसायचा. लाकूड विकत घेताना तो त्यावर बोटाचं पेर वाजवायचा, डोळे मिटून कान लावायचा आणि मग निकाल द्यायचा. हे डोळे मिटणं थोडं लोकांना दाखवण्यासाठीही होतं, पण निकाल चुकत नसे. त्यामुळे गावात कशावरून कितीही भांडणं होवोत, लाकडाच्या बाबतीत शालिग्राम बोलला की विषय संपला. लोखंडाशी मात्र त्याचं कायम वाकडं. चाकाभोवतीची धाव लोखंडी असते तेवढी सोडली, तर खिळे आणि पट्ट्या हे ज्याला जोड जमत नाही त्याचे धंदे, असं तो लोहाराच्या तोंडावर म्हणायचा.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. नळगंगेवर धरण झालं, पाणी पसरलं आणि गावाची निम्मी शेतं पाण्यापलीकडे राहिली. वळसा घालून जायचं तर जाण्यायेण्यातच दिवस मोडायचा. गावाने वर्गणी काढून एक लाकडी नाव आणली आणि ती चालवायला इंद्रभान भोयाला दिली. सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याच्या घरी धान्य जायचं, त्यावर तो आणि त्याची बायको अंबूबाई जगत होती. दोघंच, मूलबाळ नाही, शेत नाही. इंद्रभान आणि शालिग्राम लहानपणापासूनचे जोडीदार. पण इंद्रभानचा उजवा खांदा दुखायला लागला. वारा आडवा असला की वल्हं ओढताना त्याचा चेहरा पिळवटायचा. खांदा गेला तर नाव दुसऱ्याला द्यावी लागेल, असं लोक बोलू लागले.

गावचे पाटील माणिकराव भल्या मनाचे. धरणाचं काम उरकल्यावर भंगारात निघालेलं नावेचं एक जुनं मशीन त्यांनी मिळवून आणलं. नावेच्या मागच्या फळीला ते दोन पेचांनी आवळून बसवायचं आणि त्याचा दांडा खाली पाण्यात जाऊन पंखा फिरायचा. आणून पाहिलं तर मशीन जुन्या घडणीचं, दांडा आखूड. नावेची मागची फळी उंच. पंखा पाण्याला लागेचना. फळी कापून बुटकी करावी तर ती पातळ आणि कडेने कुजलेली. तेव्हा ती सगळी काढून जाड, बुटकी फळी नव्याने बसवायची ठरलं. हे काम शालिग्रामशिवाय कोण करणार?

शालिग्रामने जन्मात नावेला हात लावला नव्हता. पण तसं कबूल करील तर तो शालिग्राम कसला! एवढ्या रुंदीची एकसंध सागाची फळी मिळाली नाही. त्याने दोन जाड फळ्या कडेवर कड ठेवून एकावर एक बसवल्या, सांध्यात लाकडी खुंट्या ठोकल्या. उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं झालं की ते डोहात टाकतात. पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप आवळतात. नाव तर सदाच पाण्यात, तेव्हा हा जोड दिवसेंदिवस घट्टच होणार, असा त्याचा हिशेब. इंद्रभानला मात्र धाकधूक वाटत होती.

"शालिग्राम, दोन्ही फळ्यायले मिळून एक लोखंडी पट्टी मारून दे गा," तो म्हणाला. "माणसं बसतेत नावेत."

"माह्या जोडाले पट्टी?" शालिग्राम हसला. "लोक काय म्हणतीन बे मले?"

लाकडाबद्दल शालिग्रामशी वाद घालायची गावात रीतच नव्हती.

पौषात मशीन चालू झालं. धूर काढत, खोकत नाव पलीकडे गेली तेव्हा काठावर अर्धं गाव उभं होतं. इंद्रभानला तर मशीनचं वेड लागलं. सकाळी पहिल्या खेपेआधी तो दोन्ही पेच हाताने आवळायचा, मग फडक्यात धरून पुन्हा आवळायचा. अंबूबाई म्हणायची, एवढी काळजी माझी केली असती तर मी सोन्याची झाले असते. दुखरा खांदा निवांत झाला आणि दुसऱ्या नावाड्याची गोष्ट कोणी काढेना.

पण चाक डोहात सगळंच्या सगळं बुडतं. नावेची फळी फक्त खालून भिजते, हे शालिग्रामच्या ध्यानात आलं नव्हतं. खालची फळी पाणी पिऊन फुगली, वरची ऊन आणि मशीनची धग खाऊन आकसली. चैत्रात तो पलीकडच्या गावी गाडी जोडायला निघाला होता. मागे बसला आणि सहज नजर गेली, तर दोन फळ्यांच्या मधून पाण्यावरचा उजेड दिसत होता. पट्टी मारायची तर लोहाराला बोलवावं लागणार, लोहार चार ठिकाणी सांगणार. परत आल्यावर इंद्रभान भाकर खायला गेला तेवढ्यात शालिग्रामने फटीत लाख आणि भुसा भरला, वरून तेल चोळलं. तेलपाणी केलं, असं त्याने इंद्रभानला सांगितलं. इंद्रभानने वर त्याचे आभार मानले. उन्हाळा सरला की मी स्वतःच पट्टी ठोकीन, असं शालिग्राम रोज मनाशी म्हणत राहिला.

वैशाखात भर दुपारी, नावेत पलीकडून परतणाऱ्या बाया असताना, मधल्या खोल पाण्यात फाडकन आवाज झाला. वरची फळी मशीनसकट पाण्यात गेली. मागची बाजू आधीच बुटकी, त्यात आता निम्मीच उरलेली. पाणी आत यायला लागलं. इंद्रभान त्या भगदाडाला पाठ लावून बसला आणि खांदा दुखत असतानाही नावेच्या दोन्ही कडा धरून त्याने ते अडवलं. बायांनी टोपल्यांनी, हातांनी वल्हवत नाव काठाला लावली. जीव सगळ्यांचे वाचले. इंद्रभानचा खांदा मात्र त्या दिवशी जो गेला तो गेलाच.

तिसऱ्या प्रहरी गाव पारावर जमलं. फळी आणि मशीन पाण्याच्या तळाशी, पाहायला काही उरलेलं नव्हतं. माणिकरावांनी शालिग्रामलाच विचारलं, कशानं तुटली असेल? सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. खरं काय ते त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला गर्दीत लोहार दिसला.

"पेच ढिला राह्यला असन," शालिग्राम म्हणाला. "मशीन हाललं का फळीले हिसके बसते. मंग कोणतंबी लाकूड फुटन."

इंद्रभान पाराच्या पायरीवर खांद्याला फडकं बांधून बसला होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मले तं वाटते आवळला होता," तो म्हणाला. "पण शालिग्राम म्हणते तं राह्यला असन."

गावाने त्याला बोल लावला नाही, पण नाव दुसऱ्या तरण्या माणसाकडे गेली. शालिग्रामने नवी फळी बसवली आणि कोणी न सांगता तिला चांगली जाड लोखंडी पट्टी मारली. लोहाराने टोमणा मारला तो त्याने मुकाट्याने ऐकून घेतला. त्यानंतर तो इंद्रभानच्या घरी कधी ज्वारी पाठवी, कधी त्याची मोडकी बाज नीट करून देई. अंबूबाई गावभर सांगायची की शालिग्रामभाऊ देवमाणूस आहे. ते कानावर आलं की शालिग्रामला जेवण जात नसे. त्याला लाज वाटायची, स्वतःचा रागही यायचा, आणि तरी पारावर जाऊन खरं सांगायला पाय उचलत नव्हते. त्याची बायको गोजरबाई विचारायची, काय झालंय, तर तो तिच्यावरच खेकसायचा.

दसऱ्याला शालिग्रामने वाकस, रंधा, करवत धुऊन पाटावर मांडली, झेंडू वाहिला आणि निंबाखाली बसला. सीमोल्लंघन करून लोक घरोघर सोनं द्यायला निघाले होते. इंद्रभान आला. कुंपणापाशी अंबूबाई थांबली. इंद्रभानने डाव्या हाताने आपट्याची पानं शालिग्रामच्या हातावर ठेवली आणि खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. दोघं एका वयाचे. शालिग्राम दचकून मागे सरला.

"त्या दिवशीच्या समद्या बायायच्या पाया पडून आलो," इंद्रभान म्हणाला. "तूच राह्यला होता. माह्या हातानं तुह्या कामाले बट्टा लागला. झोप नाही येत गा मले. पेच आवळला होता का नाही, रोज आठवून पाह्यतो, आठवतच नाही. माफ कर."

शालिग्रामने हातातली आपट्याची पानं पाटावर ठेवली.

"पेच आवळेलच होता," तो म्हणाला. "जोड माहा सुटला. म्या चैतात डोयानं पाह्यला, अन् लाख भरून गप बसलो. पारावर खोटं बोललो."

शालिग्रामने मान खाली घातली. आता शिवी येईल, मारही बसेल, बसू दे, असं त्याला वाटत होतं. तेच त्याला हवं होतं.

"म्हंजे म्या आवळला होता?"

"हाव."

"नक्की?"

"नक्की. तू आवळला होता, इंद्रभान."

इंद्रभान वळला आणि भरभर कुंपणाकडे गेला. "अंबू," तो म्हणाला, "म्या आवळला होता व. शालिग्रामच सांगते."

अंबूबाईने पदराने तोंड झाकून घेतलं. मग तिने नवऱ्याचा दुखरा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं घराकडे निघाली. इंद्रभान तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, आणि त्यात शालिग्रामबद्दल बरावाईट एक शब्दही नव्हता.