दोघांच्या वाट्याचं

आमच्या पिठाच्या गिरणीतल्या धान्याच्या काट्यावर मी उभा राहिलो आणि पहिला विचार हाच आला की काटा बिघडला. खाली उतरलो, तोलून ठेवलेलं गव्हाचं पोतं चढवून पाहिलं. पोतं बरोबर. पुन्हा मी चढलो. अरे बाप्पा! बारा किलो वाढलो होतो. माणूस आहे की म्हैस, असं मी मोठ्यानंच म्हणालो. दळण घेऊन आलेल्या दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला कुठलं हसू यायला!

वजनाचा धसका घ्यायला मी काही फॅशनवाला नाही. आमच्या आसेगावात पोट सुटलेल्या माणसाला तब्येतीचा म्हणतात. पण माझ्या लहान्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा वाशीमला जायचं, हाताला मशीनच्या नळ्या लावून तासन्‌तास पडून राहायचं आणि पिळून काढल्यासारखं घरी यायचं, असं त्याचं चाललेलं. माझी किडनी त्याला जुळते असं निघालं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "बिडी आजपासून बंद. वजन वाढू द्यायचं नाही, साखर वाढू द्यायची नाही. मग तुमची किडनी घेऊ." मी म्हटलं, एवढंच ना मॅडम? आणि बाहेर येऊन बिडीचं बंडल, काडेपेटी, दोन्ही नालीत फेकली. लई शहाणा मी!

बिडी सुटली, खोटं नाही सांगत. पण मिसरूड फुटल्यापासूनची सवय. हात खिशाकडे जायचा, खिसा रिकामा, की तो हात वळायचा फुटाण्याच्या डब्याकडे. फुटाणे झाले की गुळाचा खडा. गूळ झाला की शेंगदाणे. समोरच्या हॉटेलात आलुबोंड्याचा घाणा निघाला की गिरणीच्या आवाजातही मला त्याचा वास यायचा. बायको म्हणायची, "आवो, बकरी बी इतकी चरत नाई!" लोक मात्र खूश. जो तो पाठीवर थाप मारून म्हणे, "बिडी सोडली त भल्ली तब्येत बनली न राजा!" अन् मीही मूर्खासारखा छाती फुगवायचो.

त्या दिवशी काट्यावरून उतरलो तो रागानंच. फुटाण्याचा डबा बायकोच्या हाती दिला, म्हटलं, "हा लपव, अन् मी मागितला त मले झाडून काढ." तिनं खरंच काढलं. हॉटेलाच्या बाजूनं जाणं सोडलं. पहाटे फाट्यापर्यंत चालत जायला लागलो. तल्लफ आली की लवंग चावायची, घोटभर पाणी प्यायचं. वाटलं, आता काय, उतरलंच वजन.

कशाचं काय! तपासणीला गेलो तर वजन तिथंच आणि वरून रक्तात साखर वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. "असं असेल तर मी तुमची किडनी घेऊ शकत नाही. दोघांनाही धोका आहे." बाजूच्या खुर्चीवर भाऊ बसलेला. तो बोटाची नखं पाहत राहिला. माझं डोकं सटकलं. "मॅडम, एक फुटाणा तोंडात टाकला असंन त सांगा! काहून उतरून नाई राह्यलं मंग?" बाईंनी शांतपणे आम्हाला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. सोबत माय होती. स्वयंपाक तिच्या हातचा.

त्या बाईंनी विचारलं, "एका वेळी काय वाढता यांना?" माय सांगायला लागली. ज्वारीच्या चार भाकरी, वाडगाभर वरण, वांग्याची भाजी, वर भाताचा ढीग, त्यावर तेल. बाईंनी पेन खाली ठेवला. "एवढं एकटे खातात हे?"

"एकटा कायले खाईन?" माय म्हणाली. "दोघाचं ताट हाय ते."

ऐकलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. आमच्या घरात भाऊ-भाऊ एका ताटात जेवतात. बाप आणि काका तसे जेवले, आम्हीही कळायला लागल्यापासून मांडीला मांडी लावून तसेच जेवतो. भाऊ आजारी पडल्यापासून त्याची बिनमिठाची भाजी आणि एक पोळी त्याच ताटाच्या कडेला वाटीत येते. तेवढंच त्याला चालतं. पण बाकीचं ताट माय भरायची ते पहिल्यासारखं, दोघांचं. तो आपली बाजू बोटानं माझ्याकडे सारायचा, "खाय न भाऊ." ताटात अन्न टाकायचं नाही हे दोघांच्याही हाडात मुरलेलं. मी पुसून खायचो. इतके महिने मी बिडीच्या नावानं बोटं मोडत होतो, फुटाण्याला शिव्या घालत होतो, आणि रोज दोन वेळा भावाचा घास माझ्या पोटात चालला होता. ज्याला वाचवायचं त्याच्याच वाट्याचं खाऊन मी त्याला द्यायच्या लायकीचा राहिलो नव्हतो.

"मग आजपासून अर्धंच वाढा," बाई म्हणाल्या.

"ते नाई होनार माह्याच्यानं," माय म्हणाली आणि तिनं मान फिरवली. का ते मला माहीत होतं. काका गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बापाचं ताट तिनंच अर्धं वाढलं होतं. बाप त्या अर्ध्या ताटापुढं घास न घेता बसून राहिला होता. आमच्या घरात अर्धं ताट एवढ्याच कामासाठी असतं.

घरी आलो. संध्याकाळी मायनं ताट आणलं. तेच. चार भाकरी, भाताचा ढीग, कडेला वाटी. मी हात लावला नाही. "माय, अर्धं काढ." ती उभीच. मी ओरडलो, "अवं, त्याले मारतं का तू?" तशी ती तिथंच खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली.

भाऊ उठला. भिंतीला हात टेकत फळीपर्यंत गेला, एक रिकामं ताट काढलं आणि मायपुढं धरलं.

"काका मेला होता, माय. मी जित्ता हावो. मले माह्यं ताट वाढ."

तिनं डोळे पुसले नाहीत. तसंच वाढलं. बिनमिठाची भाजी, एक पोळी. मग माझ्या ताटातलं अर्धं काढून घेतलं.

दुसरं ताट मांडायला बाजूला जागा नव्हती, म्हणून तो माझ्यासमोर बसला. जेवताना भाऊ मला समोरून दिसला तो जन्मात पहिल्यांदा. केवढा वाळला होता! गालफडं आत गेलेली, गळ्याच्या शिरा मोजून घ्याव्या अशा. मी घास हातात धरून पाहतच राहिलो.

"पाह्यतं काय भाऊ," तो म्हणाला. "तुह्यं तू खाय. माह्यं मी खातो."