पुराचा सिनेमा आणि आमचे मामाजी

जगातली सगळी दुःखं वेळीच अर्ज न केल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. वाशीमच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून मामाजी अर्ज लिहायला बसत. कुणाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्यानं सरकवलेला असे, कुणाची म्हैस कोंडवाड्यात अडकलेली असे, कुणाचा भाऊ वाटणी देत नसे. माणसं रडतओरडत येत आणि मामाजी ते सगळं रडणं एका पानात नीट बसवून देत. बरेचदा काम होऊन जाई. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यामुळे, ज्यावर काहीच इलाज नाही असं दुःखही जगात असतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी मूळचा अनसिंगचा. वाशीमच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा आत्याकडेच राहायचो, म्हणून मामाजींच्या या स्वभावाचे बरेचसे प्रसंग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एकदा मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. बुवांचा राजा दिलेल्या शब्दापायी राज्य सोडून रानात निघाला होता आणि बाया पदरानं डोळे टिपत होत्या. एवढ्यात मामाजी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बुवा, शब्द तोंडी दिला होता का लेखी?" बुवा गडबडून म्हणाले, "तोंडी." "साक्षीदार कोन होते?" बुवांनी टाळकऱ्यांकडे पाहिलं, टाळकऱ्यांनी बुवांकडे पाहिलं आणि घाईघाईनं गजर सुरू झाला. कुणाकडे मयताला भेटायला गेले तरी तेच. कोणत्या वैद्याकडे नेलं, कोणत्या रस्त्यानं नेलं, त्या रस्त्यावर चिखल होता तर दुसऱ्या रस्त्यानं काहून नाही नेलं, अशी उलटतपासणी चाले. त्यांच्या मनात काडीचाही दुष्टावा नसे. गेलेला माणूस कुठल्या वळणावर परत आणता आला असता, तेवढं शोधायची त्यांना तळमळ असे. आत्या अशा वेळी शेजारी बसून त्यांच्या उपरण्याचं टोक ओढत राही. मामाजींच्या प्रत्येक उपरण्याचं डावं टोक उजव्यापेक्षा लांब झालेलं होतं ते यामुळे.

तर अशा माणसाच्या गावात एके वर्षी, कापसाचा हंगाम आटोपून लोकांच्या हाताला थोडी उसंत मिळाली असताना, तंबूतला सिनेमा आला. बाजारामागच्या पटांगणात तंबू लागला, इंजिनाची धडधड सुरू झाली आणि बैलगाडीला रंगीत फळ्या लावून एक माणूस दवंडी देत गावभर फिरला. बोलपटाचं खरं नाव मोठं संस्कृत वळणाचं होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे त्याला पुराचा सिनेमा म्हणत.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं एक भलंमोठं शहर. तिथल्या एका सरदाराच्या मुलीचं एका नावाड्याच्या पोरावर मन जडतं. सरदार त्या पोराला भर दरबारात अपमान करून हाकलून देतो. पुढे नदीला महापूर येतो, धरण फुटतं, वाडे कोसळतात. नावाड्याचा पोर मुलीला वाचवून देवळाच्या शिखरावर बसवतो. इतक्यात सरदार पुरात वाहत जाताना दिसतो. पोर क्षणभर थांबतो, मुलीकडे पाहतो आणि त्या म्हाताऱ्यासाठी पुन्हा पाण्यात उडी घेतो. म्हातारा वाचतो, पोर जातो. शेवटी केस पांढरे झालेली ती मुलगी नदीत एक दिवा सोडते आणि तंबूतले दिवे लागतात.

दिवे लागले की सगळं वाशीम नाक पुसत बाहेर पडे. मामाजी आधी सिनेमाला गेले नाहीत. कापडावर सावल्या पाहण्यात काय आहे, असं त्यांचं मत होतं. पण एक दिवस शेलूबाजारचा एक शेतकरी धुऱ्याच्या भांडणाचा अर्ज लिहून घ्यायला आला तो डोळे सुजवूनच. मामाजींना वाटलं, मोठाच अन्याय झाला. विचारपूस केल्यावर कळलं की गडी आदल्या दिवशी तंबूत जाऊन आला होता.

"पोरगं गेल्याचं वाईट वाटलं का?" मामाजींनी विचारलं.

"पोरगं तं गेलंच," शेतकरी म्हणाला, "पन अर्जनवीससाहेब, गोठ्यातली बैलं कोनी सोडलीच नाई. येवढं शहाराचं शहार, अन् एकालेबी सुचलं नाई. पानी चढाले लागलं का आधी दावं सोडा लागते ना."

या एका उत्तरानं मामाजींना जे झपाटलं, ते काही केल्या सुटेना. दिसेल त्याला ते सिनेमाबद्दल विचारू लागले. कचेरीसमोरच्या शिंप्याचं, रहीमचाचांचं मत पडलं की मोहब्बत असावी तर अशी, पण पुरातून निघालेल्या बाईच्या लुगड्याची किनार कोरडी होती, तेवढ्यावरून त्यांचं मन उठलं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी हा सिनेमा तरुणांना बिघडवणारा आहे असं सांगितलं, आणि पुन्हा पाहायला कधी जायचं तेही ठरवून टाकलं. किराणा दुकानदार म्हणाला की शेवट दुःखी असला की लोक शेंगदाणे कमी खातात. आत्या बायांच्या बाजूला बसून सिनेमा पाहून आली आणि न बोलता भांडी घासायला बसली. मामाजींनी फारच खनपटीला बसून विचारलं तेव्हा राखेचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "पोरगी एकटी राह्यली. आनखी काय सांगू?"

मग मामाजी स्वतः गेले. मी सोबत होतो. तंबूवाल्याकडे यंत्र एकच असल्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं चढेपर्यंत लोक शेंगा फोडत बसत. त्या मोकळ्या वेळात मामाजी उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, "अजून काही बिघडलं नाई. धरणाले चीर पडली हे पहारेकऱ्याले माहीत हाय. त्यानं आत्ता वर कळवलं तं गाव खाली करता येते." मागच्या बाकावरून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. पुढच्या रिळात पहारेकऱ्यानं कळवलं नाही, आणि मामाजींना तो आपलाच अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी ते परत गेले, तिसऱ्याही दिवशी गेले. प्रत्येक खेपेला त्यांना वाचायची नवी वाट सापडे. देवळाची घंटा वाजवता आली असती. घाटावर एक नाव उलटी पडली होती, ती सुलटी करता आली असती. त्यांचा मुख्य आक्षेप मात्र एकच होता. ज्या सरदारानं भर दरबारातून हाकललं, त्याच्यासाठी त्या शहाण्यानं उडी मारायचं काहीच कारण नव्हतं. तंबूवाला बिचारा घरी येऊन हात जोडून गेला की फुकट बसा, पण मधे उभं राहू नका.

हे सगळं ऐन भरात असताना माझ्या आतेबहिणीला, वच्छीला, पाहायला कामरगावची मंडळी आली. वच्छी ही मामाजींची एकुलती एक मुलगी. रंगानं सावळी, बोलायला मोजकी, आणि बापाच्या उलटतपासणीला न घाबरणारी घरातली एकटीच. नवरामुलगा काकासोबत आला होता. घरची शेती, बाजारात लहानसं दुकान, अंगानं किरकोळ, बोलताना खाली पाहणारा. चहाफराळ झाला, बोलणी गोडीत झाली. वच्छीनं पानसुपारीचं तबक ठेवताना एकदा नीट डोळे उचलून पाहिलं, हे आत्यानं टिपलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण मामाजी म्हणाले, "मंडळी आजचा मुक्काम इथंच करा. संध्याकाळी घरचे-पाहुने सगळेच सिनेमाले जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मामाजींनी मुलाला समोर बसवलं. आत्या दाराआड उभी होती, वच्छी तिच्या मागे. मला अंदाज आला होता, पण मधे बोलायची माझी छाती नव्हती.

"तो पोरगा म्हाताऱ्यासाठी पाण्यात गेला," मामाजी म्हणाले. "त्याच्या जागी तुमी असते तं गेले असते का?"

मुलानं पुढ्यातला तांब्या थोडा बाजूला सारला. मग म्हणाला, "मले पोहता येत नाई."

"समजा येते."

"मंग गेलो असतो."

"काहून? त्यानं तं दरबारातून हाकललं होतं."

"त्याच्यासाठी नाई गेलो असतो," मुलगा खाली पाहत म्हणाला. "तिच्या डोयासमोर तिचा बाप वाहून गेला असता, अन् मी कोरडा बसलो असतो. मंग जन्मभर तिच्याकडं कसं पाहाचं?"

काकांनी कौतुकानं मान डोलावली. दाराआड बांगड्या वाजल्या. मामाजी मात्र उठून आत गेले आणि आत्याला म्हणाले, "त्यायले नकार सांगा."

आत्याला आधी कळेचना. मग तिचा आवाज चढला. "येवढं चांगलं बोलला तो, तुमच्यासारख्यासाठी पाण्यात जातो म्हणते, अन् नकार?"

"म्हणूनच नकार," मामाजी म्हणाले. "तो जाईन. खरंच जाईन, मी पाहिलं त्याच्या तोंडाकडं. कोनाच्याही हाकेले धावनारा मानूस हाय तो. अन् आपली वच्छी राहीन शिखरावर बसून. मले चांगला जावई नको, घरी परत येनारा पायजे."

इतके दिवस आम्ही ज्याला खूळ समजून हसत होतो, त्याच्या तळाशी काय होतं ते मला तेव्हा दिसलं. तंबूत रोज जाऊन हा माणूस त्या नावाड्याच्या पोराचा जीव वाचवू पाहत नव्हताच. शिखरावर बसलेल्या त्या मुलीच्या जागी त्यांना दुसरंच कुणी दिसत होतं.

आत्या पदर तोंडाला लावून खाली बसली. बाहेर पाहुणे पायताणं घालत होते, त्यांना गाडी गाठायची होती. काकांनी माझ्याकडे खुणेनं काय झालं म्हणून विचारलं आणि मी नुसता हसल्यासारखं केलं. तेव्हा वच्छी पुढे झाली.

"बाबा, तुमी सगळ्यायले विचारलं. मले नाई विचारलं."

"काय विचाराचं तुले?"

"ती पोरगी शिखरावर बसून नुसती रडून राह्यली होती. तिच्या अंगावर येवढं मोठं लुगडं होतं. मी असती तं फाडून दोर केला असता, त्याच्या कंबरेले बांधला असता अन् मंग जा म्हटलं असतं. तुमी म्हणता मी बसून राहीन. मी काहून बसून राहीन?"

धरण, पहारेकरी, घंटा, नाव, सगळं मामाजींचं तपासून झालं होतं. शिखरावरच्या मुलीला हातपाय आहेत, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "दोर पुरला असता का?"

"नऊवार होतं ते," वच्छी म्हणाली.

मामाजी तसेच अनवाणी बाहेर धावले. पाहुणे तोवर रस्त्याच्या वळणाला लागले होते. उपरणं सांभाळत, धापा टाकत मामाजींनी त्यांना गाठलं आणि मुलाचा हात धरून म्हणाले, "संबंध पक्का. पन लग्नाच्या आधी पोहाले शिका."

मुलानं ती अट खरोखर पाळली. कामरगावला घरच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, हा वाढलेला नवरदेव हातपाय मारायला शिकला. पाहायला अर्धं गाव काठावर जमत असे म्हणतात. भोपळा सुटल्यावर तो बुडता बुडता वाचला आणि मग एकाएकी पोहायलाच लागला, असं त्याच्या काकांनी लग्नात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. तंबू तोवर हलला होता. पटांगणात खुंट्यांचे खड्डे आणि शेंगांची टरफलं तेवढी उरली होती.

लग्न आमच्याच दारात झालं. मुलीची पाठवणी ऐन उन्हात निघाली. बैल जुंपले, वच्छी गाडीत बसली, आत्या रडली, शेजारणी रडल्या. मामाजी गाडीच्या चाकाला हात लावून चालू लागले. मुलीच्या बापानं वेशीपर्यंत जायची रीत आहे. मामाजी वेशीवर थांबले नाहीत. ओढा ओलांडून पुढच्या चिंचांपर्यंत गेले, तिथंही थांबेनात. शेवटी जावई गाडीतून उतरला आणि त्यांच्या सोबतीनं पायी चालायला लागला. खूप पुढे गेल्यावर वच्छीनंच आतून म्हटलं, "बाबा, आता फिरा. आई वाट पाहत असन." तेव्हा ते थांबले. गाडीवानाला एवढंच म्हणाले, "हळू हाक."

मी मागून त्यांना गाठलं आणि आम्ही परतलो. वाटेत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मला घरातून पिशवी उचलून संध्याकाळच्या गाडीनं अनसिंगला जायचं होतं. घरी आलो तेव्हा मांडव उतरवणारी माणसं निघून गेली होती आणि आत्या ओसरीवर एकटीच तांदूळ पाखडत होती. मामाजींनी पाय धुतले, उंबऱ्याशी उभं राहून आत नजर टाकली.

"आपलं घर येवढं मोठं होतं का?" त्यांनी विचारलं.

आत्यानं सूप खाली ठेवलं. त्यांच्या उपरण्याला लागलेली वाटेवरची कुसळं एक एक करून काढत ती म्हणाली, "बसा. दोघायचंच ताट करते."