चोरीला गेलेलं ॲल्युमिनियम

मी मूळची संशयी, आणि तो गुण वडिलांचा. आमचं घर कसबा बावड्यात, दावणीला एक म्हैस. डेअरीत दुधाची फॅट कमी लागली की वडील एक दिवस शेजाऱ्याचं दूध आपल्या किटलीतून घालायचे. शेजाऱ्याला फॅट कायम चांगली लागायची. आमच्या किटलीतून गेलं की तेही पातळ ठरायचं! "म्हशीला कशाला बोल लावतीस? आधी मापावर संशय घे की," असं ते मला म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. ॲल्युमिनियमची एक भुकटी बनवायची आणि तिच्यात ॲल्युमिनियमचे अणू कुठल्या जागी किती बसलेत ते मोजायचं, हे माझं काम. मोजणारं यंत्र बंगळूरला होतं. भुकटी मोठ्या चुंबकात ठेवून गरागरा फिरवायची, तिला रेडिओलहरींचा धक्का द्यायचा आणि अणूंची केंद्रकं जी साद देतात ती मोजायची. साद जेवढी, तेवढं ॲल्युमिनियम.

साद कमी आली. मी वजन करून घातलेल्यातलं बरंचसं ॲल्युमिनियम यंत्राच्या लेखी नव्हतंच.

माझ्या मार्गदर्शक सरांनी कागद टेबलावर आपटला. "वजनात गडबड केलीस. तुमच्याकडे सगळ्याचीच घाई." तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, ते मला बरोबर कळलं. सर एकदा घरी आले होते, तेव्हा भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून चहा नको म्हणाले होते. त्यांनी वजनकाट्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. "पुन्हा असं झालं तर पीएच.डी. विसर," म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग मी कुणालाच सोडलं नाही. भुकटी पोचवणाऱ्या कुरिअरवर संशय, बाटलीच्या बुचावर संशय, शेजारच्या टेबलावरच्या गोडबोल्या मुलीवर संशय. सरांवर तर होताच. शेवटी वडिलांची किटली आठवली. ॲल्युमिनियमचं प्रमाण वर छापलेल्या, विकत आणलेल्या शुद्ध भुकटीचा सीलबंद डबा फोडला, त्यातली थोडी बाटलीत भरली, वर माझं नाव घातलं आणि माझ्या भुकटीबरोबर ती बाटली आणि तो डबा स्वतःच बंगळूरला घेऊन गेले.

तीही कमी भरली!

यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना मी डबा दाखवला. ते आधी चिडले, मग स्वतःच हसायला लागले. धक्का किती वेळ द्यायचा, ते त्यांनी पाण्यात विरघळवलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारावर ठरवलं होतं. पाण्यात केंद्रकं निवांत असतात. घट्ट भुकटीत, वेड्यावाकड्या जागी बसलेली केंद्रकं त्याच धक्क्यानं भलतीच वळतात, हव्या त्या जागेच्या पुढं जातात आणि त्यांची साद पडते. त्यांनी धक्का अगदी छोटा केला. साद बारीक आली, पण कुणाचीच दबली नाही. बराच वेळ गोळा करून बेरीज केली, तेव्हा डब्यातलं ॲल्युमिनियम भरलं. माझ्या भुकटीतलंही भरलं. मला तिथंच रडू आलं.

परतल्यावर नवा कागद सरांपुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "म्हणजे मापच चुकत होतं तर," म्हणाले आणि दोन चहा मागवले. एक माझ्यासाठी. आम्ही समोरासमोर बसून प्यायलो. संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

उठताना मी किल्ली मागितली. त्यांनी खिशात हात घातला, पण बाहेर काढला नाही.

"चल," म्हणाले, "मी येतो बरोबर."