बाईंच्या मशीनला लागलेला हात

लोक त्याला डॉक्टर म्हणायचे, कारण बंद पडलेल्या कॉम्प्युटरला तो आधी कान लावायचा आणि मगच स्क्रू काढायचा. डिग्री-बिग्री काही नाही. एके काळी त्याचं दुकान होतं, आणि सकाळी शटर वर व्हायच्या आत दोन-तीन माणसं पायरीवर बसलेली असत. मग लॅपटॉप आले, ऑफिसांनी मोठ्या कंपन्यांना कंत्राटं दिली आणि दुकान गेलं. आता पाठीला बॅग अडकवून घरोघर हिंडायचं. तीही घरं गळत गळत एकच उरलं, जिथे आपल्यावाचून पान हलत नाही असं तो छाती ठोकून सांगू शकत होता. ते घर सूचीवाल्या बाईंचं.

पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठलं नाव कुठल्या पानावर, ती बाई करायच्या. साठी उलटलेली, बोलणं मोजकं, आणि नजर अशी की छापलेल्या पानावरची चूक लांबूनच हेरायची. त्यांचं मशीन डॉक्टरनंच जुळवलं होतं. पंधरा वर्षांत त्यातला प्रत्येक भाग त्याच्याच हातानं बदलला गेला होता. "आमचं मशीन" म्हणायचा तो! बायको हसायची. "मी चार दिवस माहेरी गेले तरी तुमच्या लक्षात येत नाही, आणि त्या मशीनला नुसती शिंक आली की लगेच इस्त्रीचा शर्ट."

त्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट होताच. खरं तर बाई तीन आठवडे बोलावत होत्या. हा आपला "येतो, येतो" करत ताणत बसला होता. जरा वाट बघायला लावली की माणसाला किंमत कळते, हा त्याचा लाडका सिद्धांत.

"आधी नुसतं रखडत होतं," बाई म्हणाल्या. "आता काम करता करता निळा पडदा येतो आणि सगळं ठप्प. सोमवारी सूची द्यायची आहे."

त्यानं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत धुळीचा कण नव्हता. वायरी एकत्र घेऊन जागोजागी नीट बांधलेल्या. आणि त्यानं पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या हिरव्या मेमरीच्या पट्टीशेजारी दुसरीच एक काळी पट्टी ऐटीत बसली होती.

"ही कोणी बसवली?"

"काम अडलं होतं. तुम्ही येत नव्हता. का, चुकीची बसवली आहे का?"

"ते बघतो मी," तो म्हणाला. बाई प्रुफं घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

आता सरळच सांगायचं तर त्याला मत्सर झाला होता, आणि तोही साधासुधा नाही. अंगाची लाही लाही होत होती. कोण असेल तो? असेल एखादा टगा, केसाला जेल लावलेला, प्रत्येक वाक्यात "मॅडम, मॅडम" करणारा. बाईंनी त्याला चहा दिला असेल? या खुर्चीवर बसवलं असेल? मेल्यानं वायरी तरी किती छान बांधल्या होत्या! डॉक्टरच्या हातच्या वायरी म्हणजे झोपेतून उठल्यावरचे केस. बाई त्यावर कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या, पण मनात म्हणत असतील का?

दोन वेगळ्या पट्ट्या एका मशीनमध्ये घातल्या की वेगवान पट्टीला संथ पट्टीच्या चालीनं चालावं लागतं, आणि कधी दोघींचं मुळीच पटत नाही. तसंच असणार, असं त्यानं धरून टाकलं. तरी रीत म्हणून एकेक पट्टी वेगळी तपासायची. आधी काळी एकटी ठेवून त्यानं चाचणी लावली आणि समोर बसून राहिला. "नापास हो गं," तो पुटपुटला. "एकदाच हो." तासाभरानं फेरी पुरी झाली. एक चूक नाही.

मग हिरवी. सातव्या मिनिटाला पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला.

त्यानं पट्टी काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा लावली. पुन्हा लाल. पुन्हा घासली. पुन्हा तेच. दोष त्याच्या पट्टीत होता. आणि हे कबूल केलं तर त्या जेलवाल्याचं काम चोख, आपलं नासकं. मग हे घरही गेलंच म्हणायचं. त्यानं घाईघाईनं चाचणी बंद केली, काळी पट्टी टेबलावर ठेवली आणि बाईंना हाक मारली.

"त्या बाबानं बोगस माल दिलाय बघा तुम्हाला. माझ्या पट्टीबरोबर ती नांदतच नाही. काढून टाकली."

"दोन्ही वेगवेगळ्या तपासल्या?"

"म्हणजे काय! माझी ठणठणीत आहे."

"तिच्यावर सूची पुरी केली तर चालेल? चारशे पानं झाली आहेत माझी."

"डोळे झाकून करा."

बाईंनी टेबलाच्या खणातून वही काढली आणि सूची वाचावी तशी वाचली. "मंगळवार. काळी, दोन फेऱ्या, चूक नाही. हिरवी, सातव्या मिनिटाला लाल. बुधवारी पुन्हा, तसंच."

"हे... हे त्यानं लिहून दिलं?"

"तो कोण? मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं पुस्तक आणलं, वाचलं, पट्टी बसवली आणि निळा पडदा यायला लागल्यावर दोन्ही तपासल्या. झाकण उघडलंच होतं, म्हणून वायरीही बांधल्या."

डॉक्टरच्या कानांतून वाफा निघाल्या. इतका वेळ ज्याला शिव्या घातल्या, ते माणूस त्याच्यासमोर चष्मा पुसत उभं होतं.

"सगळं माहीत होतं, तर मला बोलावलंत कशाला?" तो चिडूनच म्हणाला.

"ती पट्टी तुम्ही बसवलेली. तुम्हाला न विचारता काढून टाकणं मला बरं वाटेना."

त्यानं हिरवी पट्टी काढून खिशात घातली, काळी बसवली. मशीन सुरू झालं, सूची उघडली. त्यानं झाकण लावलं.

"पुढे काही अडलं तर... फोन कराल ना?"

बाईंनी वही खणात ठेवली. त्यानं स्क्रू घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "स्क्रू मी लावते."