बसमावशीच्या आईचं गाठोडं

बसमध्ये एका भाषेची दोन मुलं शेजारी बसू देईल तर शपथ! इथे आखातात, खलिफा सिटीत माझ्या मुलीच्या स्कूलबसवर मुलांना सांभाळणारी ही बुरुंडीची बाई. आम्ही मराठी आया तिला बसमावशी म्हणायचो. आमची सई तिच्या मराठी मैत्रिणीला चिकटून बसली रे बसली, की हुकूम सुटायचा, "यल्ला, उठो!" सई कुरकुरायची, "आई, शी इज सो बॉसी." मी एकदा तक्रार केली, तर म्हणाली, "मॅडम, अपना-अपना बैठेगा तो झगडा होगा. हमने देखा है." हसत म्हणाली, म्हणून मीही विषय सोडून दिला.

मग तिची धाकटी बहीण तिकडे बुरुंडीत संसदेच्या निवडणुकीला उभी राहिली आणि मला सगळं नीट कळलं. हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन जमाती, वर्षानुवर्षं एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. म्हणून संसदेत हुतू किती, तुत्सी किती, हे आधीच ठरलेलं. बायकांचाही वाटा राखीव. मी आपली खास पुणेरी खोच मारली, "म्हणजे कोट्यातून का?" ती तिच्या मोडक्या हिंदीत शांतपणे म्हणाली, "कोटा सरकारचा, मॅडम. प्रचारात पाय सुजलेत ते बहिणीचे."

पण एवढी खमकी बाई त्या दिवसांत पार सुकून गेली. पूर्वी एकदा निवडणुकीच्या धामधुमीत घरच्यांना नेसत्या कपड्यांनिशी सीमेपलीकडे पळावं लागलं होतं. तेव्हापासून मतदान जवळ आलं की तिची आई गावी घराच्या दाराशी गाठोडं बांधून ठेवायची. कपडे, मीठ, घेवड्याचे दाणे. आणि या खेपेला तर पोटची पोरच उमेदवार. बसमावशी बसच्या दारात उभी राहून मुलं मोजायची आणि मध्येच फोन बघायची.

निकालानंतर एका सकाळी ती बसमधून उतरली आणि भर फुटपाथवर माझ्या गळ्यात पडली.

"बहीण निवडून आली?"

"आली. ते राहू द्या, मॅडम. आईनं गाठोडं सोडलं. त्यातला घेवडा शिजायला घातलाय."

माझ्याच डोळ्यांना धार लागली. ना माझा देश, ना माझं माणूस, पण जीव भांड्यात पडला.

सुट्टी लागताच ती नोकरी सोडून कायमची गावी निघाली. बहिणीचं बाळ अजून अंगावर पीत होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "निवडून ती आली, आणि इथलं सगळं तू सोडायचं?"

"संसदेत बायकांचा कोटा झाला, मॅडम," बॅग उचलत ती म्हणाली, "पाळण्यापाशी पुरुषांचा व्हायचाय. तोवर मी आहे."