आंबट ब्रेड परत करायला गेलेली आई

आमच्या कारंजा गावात ब्रेड घरात आला की शेजारी विचारायचे, कोणाला ताप आहे? बाबांच्या किराणा दुकानात ब्रेडचे पुडे वर्ध्याहून एसटीने यायचे आणि घेणारी माणसं सरळ दवाखान्याकडे वळायची. दुधात बुडवून पेशंटला भरवायची ती वस्तू. धडधाकट माणसानं ब्रेड खाल्ला तर त्याच्या घरी चूल पेटली नाही असाच अर्थ निघायचा.

अशा घरातली मी, २००३ साली नोकरीसाठी जर्मनीतल्या एका लहान गावात गेले आणि महिन्याभरात ब्रेडच्या नादी लागले. माझ्या खोलीच्या खालीच बेकरी होती. सकाळी सातला तिथून गरम गोल ब्रेड घ्यायचा, काळपट, वरून इतका कडक की सुरी कर्र वाजायची. आत ओलसर, किंचित आंबट. लोणी लावलं की भाजीची आठवणसुद्धा यायची नाही. बेकरीवाली बाई माझ्या आईच्या वयाची होती. जास्त भाजलेला एक ब्रेड ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

तो तोरा मी फोनवर मिरवला. म्हटलं, आई, मी दोन्ही वेळ ब्रेडच खाते.

पलीकडून आईचा बारीक आवाज आला, "डॉक्टर काय म्हणते? काऊन लपवून राह्यली माह्यापासून?"

मी ठणठणीत आहे हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तीन महिन्यांत पासपोर्ट काढून ती एकटी विमानात बसली. जन्मात नागपूरच्या पलीकडे न गेलेली बाई. उतरल्या उतरल्या तिनं सांगून टाकलं, "संगच घेऊन जातो तुले. नोकरी गेली चुलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या कौतुकानं ताजा ब्रेड तिच्यापुढे ठेवला. तिनं एक तुकडा तोंडात घातला आणि उरलेला बाजूला सारला. मी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत येते तर बेकरीच्या काचेतून आई दिसली. लुगड्याचा पदर खोचून, गल्ल्याच्या मागे उभी, कोपरापर्यंत पिठात. मी धावतच आत शिरले.

झालं होतं असं. मी गेल्यावर आई उरलेला ब्रेड पिशवीत घालून खाली गेली आणि तो गल्ल्यावर ठेवून नाक मुरडून म्हणाली, "बाई, हे आंबून गेलं हाय. माह्या पोरीले रोज असंच देता काय?" बाईला शब्द कळले नाहीत, नाक कळलं. ती चिडली नाही. आईला हाताला धरून आत घेऊन गेली आणि एका मातीच्या भांड्यावरचं झाकण काढलं. आत बुडबुडे येणारं आंबवलेलं पीठ होतं. आईनं बोट बुडवून चाखलं आणि तिला सगळं कळलं.

"अवं, हे तं विरजन हाय," मला पाहताच ती म्हणाली. "आपल्या दह्यावानी. हिच्या सासूच्या हातचं दिसते."

सासूचं नव्हतं, बाईच्या आईचं होतं. पण तेवढी चूक चालायचीच.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर बाईच मला विचारू लागली, तुझी आई किती वर्षं या धंद्यात आहे? म्हणाली, कणीक झाली की नाही ते ती नुसती दाबून सांगते. आमच्याकडे शेतातल्या जेवणाला रोडगे होतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे. साऱ्या आळीची ती कणीक आईच तिंबायची. मी ताठ मानेनं म्हटलं, लग्न झाल्यापासून. त्या दिवशी मला माझ्या पगाराचा, माझ्या जर्मन भाषेचा, कशाचाच अभिमान वाटला नाही, फक्त तिच्या हातांचा वाटला.

पुढचा महिनाभर आई रोज सकाळी खाली जायची. मला न्यायचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. मनात धाकधूक मात्र होतीच.

निघायच्या दिवशी तिनं बेकरीवालीचे दोन्ही हात धरले आणि मला म्हणाली, "सांग या बाईले. पोरगी तुमच्या भरोशावर ठेवून चालली मी."

मी ते शब्दन् शब्द बाईला सांगितलं. विमानतळावर रडू मला आलं, तिला नाही.